खाडीपार न सोडलेला कुत्रा

होय, मी कुत्रा विकत आणला. रस्त्यावर गावठी पिल्लं मरत असताना विकत आणला, कोकणातल्या दमट उकाड्यात जाड दुहेरी केसांचा आणला, आणि ज्या आवाजाला आमच्या वाडीत माणसं दचकतात तो आवाज रोज काढणारा आणला. ह्याबद्दल मला जे काही ऐकवायचं ते लोकांनी ऐकवून झालं आहे. मी ऐकून घेतलं, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. फक्त एक गोष्ट ऐकली नाही. त्याला खाडीपार सोडून या, ही.

बाहेरच्या माणसाला हे खाडीपारचं प्रकरण सांगायला हवं. रत्नागिरीहून पावसच्या दिशेने निघालं की मुख्य रस्ता सोडून समुद्राकडे उतरणाऱ्या एका फाट्यावर आमची वाडी आहे. वाडीच्या टोकाला खाडी, आणि खाडीवर तर चालते. तर म्हणजे पलीकडे माणसं नेणारी होडी. आता वरच्या बाजूला पूल झाला आहे, पण पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून ही तर अजून टिकून आहे. आमच्याकडे नकोसं झालेलं कुत्रं-मांजर कुणी मारत नाही. पोत्यात घालून तरीने पलीकडे नेऊन सोडतात. पाणी ओलांडलं की जनावराला घरची वाट सापडत नाही, असं म्हणतात. पलीकडच्या बंदरावर मासळी उतरते, तेव्हा ते उपाशीही राहत नाही, असंही म्हणतात. सोडणाऱ्याला रात्री झोप यावी अशी सगळी सोय त्यात केलेली आहे.

मी एक कुत्री अशी सोडून आलो आहे. बावीस वर्षं झाली. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती, म्हणून इथे आधीच लिहून टाकतो. सविस्तर पुढे येईलच.

त्या कुत्रीनंतर मी घरात कुत्रा येऊ दिला नाही. गावठी पिल्लू कुणी दारात आणून ठेवलं तरी मी नको म्हणायचो. तांबूस अंग, पांढरे पाय, अर्धा मोडलेला कान. आमच्याकडची निम्मी कुत्री तशीच दिसतात, आणि प्रत्येक तसं कुत्रं मला तिचंच वाटायचं. मग पन्नाशी उलटल्यावर, मुलगी शिक्षणासाठी लांब गेल्यावर, फोनवर त्या निळ्या डोळ्यांच्या कुत्र्यांचे व्हिडिओ बघायचा मला नाद लागला. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. तास नसला की भिंगं पुसता पुसता मी बर्फातून धावणारे कुत्रे बघत बसायचो. हे कुत्रे तिच्यासारखे अजिबात दिसत नव्हते. मला कुत्रा हवा होता, पण ती नको होती. रस्त्यावरचं पिल्लू न आणता विकतचं का आणलं, ह्याचं खरं उत्तर एवढंच. आमच्या कॉलेजातल्या एक बाई भटक्या कुत्र्यांना रोज पोळ्या घालतात. त्या मला म्हणाल्या, "सर, जीव विकत घेतलात?" मी म्हटलं, "हो, घेतला." त्यांना पुढचं सांगण्याची तेव्हा माझी हिंमत नव्हती.

कोल्हापूरकडच्या एका माणसाकडे शेफर्ड आणि हस्की ह्यांच्या मिश्र जातीची पिल्लं असल्याचं कळलं. बायकोला मी म्हटलं, "डिसेंबरात अंबाबाईला जाऊन येऊ. येताना एक कुत्रा बघू. आंब्याच्या कलमांवर वांदर फार झालेत, राखणीला होईल."

"अहो, कलमांना पाणी घालायला तुम्हाला जिवावर येतं," ती म्हणाली, "आणि राखणीचं कुठून सुचलं?"

पण आली. दर्शन झालं, आणि आम्ही शहराबाहेरच्या त्या घरी गेलो. मागे पत्र्याची लांब शेड, खाली सिमेंटची ओली जमीन, आणि वास येऊ नये म्हणून टाकलेल्या फिनेलचाच एवढा वास की डोळे चुरचुरले. पिल्लांची आई पंख्याखाली आडवी पडली होती. पांढरी-राखाडी, थकलेली. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं आणि मान परत खाली ठेवली. तिथेच परत फिरायला हवं होतं असं मला पुष्कळदा वाटतं. फिरलो नाही.

तो माणूस जाडजूड, बनियनवर, हातात दुधाची बाटली. "रत्नागिरीस्नं आलाय? लई लांबनं आलासा की. च्या घेणार?"

चार पिल्लं होती. तीन एकमेकांच्या अंगावर चढत होती. चौथं माझ्या बुटाची नाडी तोंडात धरून मागे मागे ओढत होतं. त्याचा एक डोळा निळा, एक तपकिरी.

"हे," मी म्हणालो.

"ते हट्टी हाय. आधीच सांगतो." मग त्याने बाटली बाजूला ठेवली. "सर, तुमच्याकडं उकडतंय लई. एसी हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात दोन छताचे पंखे आणि एक मान न फिरणारा टेबलफॅन आहे.

"मग हरकत न्हाई. बघा, हे अर्धं थंडीतलं हाय. न्हाई झेपलं तर मला फोन करायचा. पैसं परत मिळायचं न्हाईत, पर कुत्रं मी परत घीन. कुठं नेऊन सोडायचं न्हाई. सोडणारी मानसं मला आधीच कळत्यात."

"कशी?" बायकोने विचारलं.

"तोंडावरनं, वैनी. बारा वर्सं हेच करतोय. दोघांना तर मी पिल्लू न देता परत धाडलंय." त्याने पिल्लू उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुमचं तोंड तसं न्हाई, म्हणून देतोय."

पैसे मोजताना मी दोनदा चुकलो. त्याला वाटलं असेल, आनंदाने.

आंबा घाट उतरताना हवा बदलते. वरची कोरडी थंडी सुटते आणि एका वळणानंतर अंगाला ओलसर काहीतरी चिकटतं. आम्हाला ते घरी आल्यासारखं वाटतं. पिल्लाने त्याच वळणावर जीभ बाहेर काढली आणि बायकोने दर्शनाला नेसलेल्या साडीवर ओकलं. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं, आणि साखरपा गाव आल्यावर म्हणाली, "एसी कुठल्या खोलीत बसवायचाय तेवढं ठरवून ठेवा."

एसी आम्ही बसवला नाही. पण बाकी जे करता आलं ते केलं, आणि ह्याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही. रत्नागिरीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आधी मला झापलं. मग म्हणाले, आणलाच आहात तर नीट ठेवा. केस अजिबात कापू नका, ते उन्हापासूनही वाचवतात. उजाडताना फिरवा आणि दुपारी दगडावर ठेवा. आमच्या मागच्या पडवीला जांभ्याची जुनी जाड भिंत आहे, शेजारी विहीर, वर माडांची सावली. मी पडवीची फरशी उखडून काळा दगड बसवला. दिवसातून तीनदा गोणपाट विहिरीच्या पाण्यात भिजवून त्यावर अंथरतो. तो त्या गोणपाटावर पोट टेकून चारी पाय पसरून पडतो, बेडकासारखा. ओलं गोणपाट पिळताना मला दर वेळी ते दुसरं पोतं आठवतं. ते आठवणं माझ्या कामाचा भागच आहे, असं मी धरून चाललो आहे.

वांदर राखण्याच्या कामाला तो निरुपयोगी निघाला. वांदर कलमावर बसून खाली बघतात, हा खाली बसून वर बघतो. मग तो मान उंच करून लांबलचक सूर लावतो, आणि वांदर फळ खायचं थांबून ऐकतात. बायको म्हणाली, "राखण कसली, करमणूक चाललीय."

हा सूर हीच खरी भानगड. हस्की फारसा भुंकत नाही. तो मान वर करून गळा काढतो. पहिल्यांदा त्याने तो काढला सकाळी आठला. आमच्याकडे मासेवाला मोटारसायकलवर येतो, मागे बांगड्यांची पेटी, आणि रबरी भोंगा वाजवतो. भोंगा वाजला, पिल्लाने कान टवकारले आणि त्याच सुरात उत्तर दिलं. मासेवाला हसून हसून खाली बसला. पुढे आठ दिवस तो मुद्दाम आमच्या दारात थांबून दोनदा भोंगा वाजवायचा. सगळी वाडी हसली. पोरं त्याला लांडगा म्हणू लागली, आणि मग मोठीही. शेजारचे अण्णा सर्वांत जास्त हसले. अण्णा ऐंशी ओलांडलेले, सगळं आयुष्य परदेशी बोटींवर खलाशी म्हणून काढलेले. आमच्यामधल्या दगडी गडग्यावरून वाकून म्हणाले, "अरे मेल्या, ह्याच्यासारखे मी बर्फात बघितलेत, गाडी ओढताना. ह्याला इथे काय ओढायला लावणार आहेस? बैलगाडी?"

मग चैत्रात अण्णा आजारी पडले. आधी पायांना सूज, मग धाप. रत्नागिरीच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं ते आता फार काही करता येणार नाही असं सांगूनच. आणि त्या दिवसापासून वाडीला आमच्या कुत्र्याचा आवाज वेगळा ऐकू येऊ लागला. तोच आवाज, तीच वेळ; पण आता तो रडत होता. आणि आमच्याकडे कुत्रं रडलं की त्या आवारातलं माणूस जातं.

चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णांचा मुलगा आला. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याच्याबरोबर वाडीतले आणखी एक गृहस्थ होते.

"बस ना," मी म्हटलं.

"बसायला नाय आलो. तुझ्या लांडग्याचं बोलायचंय."

"तो लांडगा नाही रे."

"जो कोण असेल तो. अण्णांचं तुला ठाऊक आहे. आणि हा सकाळ-संध्याकाळ आमच्या भिंतीला लागून रडतो."

"रडत नाही. त्या जातीचा आवाजच तसा..."

"जात गेली उडत! घरात बायका घाबरल्यात. आईने काल देवापुढे नारळ ठेवला."

बरोबरचे गृहस्थ हळूच म्हणाले, "मास्तर, तुमी सायन्सवाले. तुमचं बरोबर असेल हो. पण आजारी माणसाच्या घरचं पण बघायला नको?"

मास्तर मला वाडीत म्हणतात. मी मास्तर नाही, मास्तरांसाठी टेबल मांडणारा आहे. पण ते सोडा. त्यांचं म्हणणं उर्मट नव्हतं. भीती होती, आणि आजारी बापाच्या उशाशी बसलेल्या माणसाची भीती मला माहीत होती.

"मी त्याला आवाज काढू देणार नाही," मी म्हणालो. "बघतो काहीतरी."

"बघायचं काय त्यात? सकाळची पयली तर पकड, पलीकडे सोडून ये. पोतं नसेल तर मी देतो." आणि मग तो सहज बोलून गेला, "तुझ्या बाबांच्या वेळी नाय का सोडलीस तू? आपणच दोघांनी तोंड बांधलं पोत्याचं. तेव्हा जमलं, मग आता काय झालं?"

बायको दारात उभी होती.

"नाही सोडणार," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.  दोघे पायऱ्या उतरून गेले.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, "कुठली कुत्री?"

मग मी तिला सांगितलं. आमचं लग्न होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बाबा अंथरुणाला खिळले होते. आमची तांबूस कुत्री त्यांची होती. ते बागेत गेले की मागे, एसटी स्टँडवर गेले की मागे. बाबा खाटेवरून उठेनात तेव्हा ती पडवीत बसून तिन्हीसांजेला रडू लागली. आईने दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "हिला ने बाबा पलीकडे. मला ऐकवत नाय." मी तेव्हाही प्रयोगशाळेतच नोकरीला होतो. कुत्रं रडल्याने माणूस मरत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी पोतं घेतलं. आत सुका बांगडा टाकला, आणि ती आपणहून पोत्यात गेली. शेपटी हलवत गेली.

आठ दिवसांनी बाबा गेले. ती रडायला नव्हती तरी गेले.

तेरावं झाल्यावर पलीकडच्या गावातल्या नातेवाइकांकडे मला जायचं होतं. तरीत बसलो तेव्हा तरवाला म्हणाला, "पलीकडे एक कुत्री आलीय हो. दर फेरीला उतरणाऱ्या माणसांना हुंगत बसते. तुमची काय?"

"माझी नाय," मी म्हणालो.

होडी लागली. उंडीच्या झाडाखालून ती उठून आली. एकेकाचे पाय हुंगत माझ्यापर्यंत पोचली आणि थांबली. माझं डोकं दहाव्याला भादरलेलं होतं, तिला क्षणभर ओळख पटली नसावी. मग पटली. ती कशी नाचली ते मी लिहिणार नाही. तरवाला बघत होता, होडीतली माणसं बघत होती, आणि मी एकदा म्हणून बसलो होतो की माझी नाही. मी चालू लागलो. ती डांबरी रस्त्यापर्यंत मागून आली. तिथे मी खाली वाकलो. दगड उचलला नाही, पण उचलल्यासारखं केलं. आयुष्यात तिच्यावर कधी कुणी दगड उगारला नव्हता, तरी तिला ते समजलं. ती थांबली.

परत येताना मी तरीने आलो नाही. एसटीने वळसा घेऊन आलो. तेव्हापासून बावीस वर्षं मी त्या तरीत पाय ठेवला नव्हता.

बायकोने सगळं ऐकलं. मग उठली, विहिरीवर गेली, गोणपाट भिजवून आणलं आणि कुत्र्याखाली अंथरलं. "त्या कोल्हापूरवाल्याला माणसं ओळखता येत नाहीत," ती म्हणाली. ह्यापेक्षा कडक मला कुणी काही बोललेलं नाही, आणि ते बरोबर होतं. पण त्यानंतर ह्या कुत्र्याला घालवा असं तिने एकदाही म्हटलं नाही.

मी तडजोड केली ती अशी. रोज आठला पाच मिनिटं असताना मी पडवीत जाऊन बसायचो. भोंगा लांबून ऐकू आला की दोन्ही हातांनी त्याचं तोंड मिटून धरायचो. त्याच्या गळ्यातला सूर माझ्या तळहातांत थरथरत विरायचा. संध्याकाळी देवळातल्या शंखालाही तो सूर लावायचा, तेव्हा बायको धरायची. तो झटापट करत नसे. दोन वेगळ्या रंगांच्या डोळ्यांनी बघत राहायचा.

दहा-बारा दिवसांनी मी अण्णांना बघायला गेलो. मुलगा कामावर गेलेला. त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला आत जाऊ दिलं, पण तोंड फिरवून. अण्णा उशांना टेकून बसले होते, नाकात नळी.

"गेला काय रे तो?" त्यांनी विचारलं.

"कोण, अण्णा?"

"लांडगा. आवाज नाय त्याचा."

"आहे. मी ओरडू देत नाही त्याला. तुम्हाला त्रास..."

"त्रास?" अण्णांना धाप लागली, ते थांबले. "अरे मेल्या, मला ह्या कानाने भोंगा ऐकू येत नाय. तो ओरडला की कळायचं बांगडेवाला आला. मग मी हाक मारायचो. आता दहा दिवस झाले, नुसती पेज पाजतात मला. विचारलं की सांगतात, मासेवाला आलाच नाय!"

दाराआडून वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरांनी खारट बंद केलंय ना, अण्णा."

"तुला नाय बोलवलं गो." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "सोड त्याचं तोंड."

हे मी कुणाला सांगितलं तर कुणाला खरं वाटणार होतं? मी अण्णांच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आजारी माणूस काय पण बोलतो," आणि त्याचंही खरं होतं. मी घरी आलो आणि तोंड धरायचं बंद केलं नाही. हे सांगायला मला लाज वाटते. अण्णांनी तोंडाने परवानगी दिली होती, तरी मी वाडीला भ्यायलो. पुढचे साडेतीन महिने रोज सकाळी मी त्या जनावराचं तोंड दाबून बसलो, आणि भिंतीपलीकडे एक म्हातारा बांगड्यांची वाट बघत होता.

फक्त एकदा सोडलं. आषाढातल्या एका सकाळी, पाऊस उघडलेला. मासेमारी बंद असली तरी मासेवाला बर्फातले बांगडे घेऊन यायचा; त्याचा भोंगा वाजला आणि माझे हात उचललेच गेले नाहीत. त्याने पोटभर सूर लावला. गडग्यापलीकडून अण्णांची बारीक हाक आली, "अगो, बांगडे घे!" आणि मग त्यांच्या घरात कुणीतरी खिडकी आपटली.

श्रावणाच्या अखेरीस अण्णा गेले. दुपारी गेले. कुत्रा तेव्हा झोपलेला होता. ही बारीकसारीक माहिती कुणाला नको होती. तिरडी उचलायला मी गेलो तेव्हा मुलाने मला अडवलं नाही. खांदा देऊ दिला. परतताना वाटेत मात्र म्हणाला, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

मी चालत राहिलो. नंतर पुष्कळ विचार केला. अण्णांच्या आजारपणापुरता मी कुत्रा शहरात कुणाकडे तरी ठेवू शकलो असतो. त्या कोल्हापूरवाल्याला फोन केला असता तर त्याने परतही घेतला असता. शेजाऱ्यांच्या जिवाला तेवढीच शांती मिळाली असती. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण मला माझी खात्री नव्हती. पंधरा दिवसांसाठी म्हणून सोडलेला कुत्रा आणायला मी परत गेलो असतो का? एकदा हात मोकळे झाले की माणसाला किती बरं वाटतं, ते मी एकदा अनुभवलं आहे. त्या बरं वाटण्याचीच मला भीती होती. म्हणून मी शेजाऱ्यांच्या मनाविरुद्ध वागलो. त्याचा दोष माझा आहे, आणि तो मी कुत्र्यावर ढकलणार नाही.

गणपतीत वाडीची आरती घरोघर फिरते. टाळ-मृदंग घेऊन सगळे पुरुष एका टोकापासून निघतात आणि प्रत्येक घरच्या गणपतीपुढे म्हणतात. त्या वर्षी अण्णांच्या घरी सुतक असल्याने गणपती नव्हता. मंडळी आमच्या अलीकडच्या घरातून निघाली, आमच्या वळणावर आली, आणि टाळांचा आवाज पुढे निघून गेला. कुणी ठरवलं असेल असं वाटत नाही. पहिला माणूस वळला नाही, म्हणून मागचे वळले नाहीत. बायकोने वीसेक माणसांच्या उसळीची कढई उतरवून ठेवली होती. ती कढईकडे बघत उभी राहिली. मला तेव्हा मोडून पडल्यासारखं झालं. माझ्या जुन्या पापाची भरपाई हिने का करावी?

"चला," ती म्हणाली, "उदबत्ती लावा. आपली आपण म्हणू."

आम्ही दोघांनी आरती सुरू केली. तिने घंटा वाजवली, आणि मागच्या पडवीतून तिसरा सूर लागला. उंच, लांब, पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत. मी उठून जायला निघालो तर बायकोने आरती न थांबवता मान हलवली. नको म्हणून. उसळ आम्ही तीन दिवस खाल्ली.

पावसाळ्यात बंद असलेली तर नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होते. आश्विनातल्या एका रविवारी मी पहाटे उठलो, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घातला आणि वाडीतल्या मधल्या वाटेने खाडीकडे निघालो. मागची वाट होती, पण मी मधलीच धरली. अण्णांचा मुलगा अंगणात दात घासत होता. तो बघत राहिला. पुढे नळावर पाणी भरणाऱ्या दोघी एकमेकींकडे वळल्या. एक म्हणाली, "अखेर निघाले बाय सोडायला." मी पट्टा आखूड धरून पुढे गेलो.

तरवाला तोच होता, केस पांढरे झालेला. कुत्र्याकडे बघून म्हणाला, "हा पण सोडायचा काय?"

"नाही. दोघांचं जाऊन-येऊन."

"जाऊन-येऊन? मग नेता कशाला?"

मी त्याला विचारलं, बावीस वर्षांपूर्वी पलीकडे एक तांबूस कुत्री दर फेरीला माणसं हुंगत बसायची, आठवते का? त्याने वल्हं पाण्यात रोवलं, विचार केला. "नाय हो. वर्षाला पाच-सहा सोडतात माणसं. सगळीच हुंगतात पयले काय दिवस. कुठली कुठली लक्षात ठेवू?"

मला वाटलं होतं तो ओळखेल, काहीतरी बोलेल. त्याला काहीच माहीत नव्हतं. तिचं पुढे काय झालं हे सांगणारं माणूस आता कुठेही नाही.

पलीकडे उंडीचं झाड अजून आहे. मी त्याच्या मुळांवर बसलो. कुत्र्याने झाडाचा बुंधा हुंगला, एक खेकडा बिळात घालवला, पाण्यात पोटापर्यंत जाऊन उभा राहिला आणि खूष होऊन माझ्याकडे बघत राहिला. दोन गावठी कुत्री लांबून आली. एक तांबूस होती. मी खिशातली बिस्किटं त्यांच्यापुढे टाकली. त्यांनी खाल्ली आणि गेली. त्याने काही फिटलं असं मी म्हणत नाही.

त्याच तरीने आम्ही परतलो. पुढच्या फळीवर एक बाई कोथिंबिरीची टोपली घेऊन बसली होती. ओला कुत्रा तिच्या टोपलीत तोंड घालायला लागला तशी ती ओरडली, "अवो, कुणाचा हा?"

"माझा," मी म्हणालो आणि त्याला मागे ओढलं.

वाडीत शिरताना आम्ही पुन्हा मधल्या वाटेने आलो. अण्णांचा मुलगा अजून अंगणात होता, आता चहा घेऊन. कुत्र्याने त्याच्या दारासमोरच अंग झाडलं आणि खाडीचं पाणी पार त्याच्या पायरीवर उडालं.

"परत आणलास?" तो म्हणाला.

"हो. परत आणला."

त्याने ओल्या पायरीकडे पाहिलं. मी उभा राहिलो. त्याला बोलायचं असतं तर बोलू दिलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या. तेवढ्यात वरच्या अंगाने, शाळेच्या बाजूने, मासेवाल्याचा भोंगा वाजला. कुत्र्याने कान टवकारले. माझे हात सवयीने त्याच्या तोंडाकडे गेले, अर्ध्या वाटेत थांबले, आणि मी ते पाठीमागे बांधून अण्णांच्या अंगणासमोर तसाच उभा राहिलो, त्याचा सूर पूर्ण होईपर्यंत.